घर विचारणारे आप्पा

सुरुवातीलाच एक दुरुस्ती करते. मंडळाच्या वार्तापत्रात मी पूर्वी आप्पांवर एक छोटा लेख लिहिला होता. त्यात असे वाक्य होते, ‘आप्पांनी मला पहिल्याच भेटीत कामाला घेतले.’ हे खरे नाही. पहिल्या भेटीत आप्पांनी मला परत पाठवले होते. लेख आटोपशीर व्हावा म्हणून मी मधला भाग गाळला, आणि उरलेले वाचायला बरे वाटले म्हणून तसेच ठेवले. एरवी ही चूक कुणाच्या लक्षातही आली नसती. पण मंडळाच्या मुख्य कार्यालयाने नवा नियम काढताना नेमके तेच वाक्य वापरले. लातूर केंद्राच्या समन्वयक, म्हणजे मी, स्वतःच लिहितात की त्यांना पहिल्या भेटीत घेतले गेले, तेव्हा स्वयंसेवकाच्या घरी आधी भेट देण्यावाचून काम चालते, असे त्या परिपत्रकात म्हटले आहे. आप्पांच्या पद्धतीविरुद्ध माझेच वाक्य साक्षीला उभे राहिले. म्हणून आप्पांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात ती भेट झाली तशी सांगते.

श्री. मन्मथआप्पा बिराजदार हे लातूरचे भांड्यांचे व्यापारी. गंजगोलाईजवळ त्यांचे दुकान आहे आणि दुकानाच्या माडीवर मंडळाच्या लातूर-नांदेड केंद्राची कचेरी. केंद्राचे मानद प्रमुख म्हणून आप्पा सुरुवातीपासून काम पाहतात. मंडळ म्हणजे स्वयंसेवकांची देशभरची संघटना. मंडळ स्वतः दवाखाना चालवत नाही, शाळा चालवत नाही. ज्यांना आपला वेळ द्यायचा आहे अशी माणसे ते शोधते, त्यांना शिकवते, ओळखपत्र देते, विमा उतरवते, दवाखान्यांशी बोलून त्यांच्यासाठी जागा करते आणि कामात काही वाईट घडले तर वकील देते. आमच्या भागात हे काम मुख्यतः ‘सोबती’चे आहे. खेड्यातून एकटा आलेला रुग्ण सरकारी दवाखान्यात गोंधळून जातो. त्याच्यासोबत रांगेत उभे राहायचे, त्याला एक्स-रेच्या खोलीपर्यंत न्यायचे, डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा समजावून सांगायचे आणि काही करण्यासारखे नसेल तेव्हा नुसते बसून राहायचे.

माझी आप्पांशी पहिली ओळख अशा दवाखान्यातच झाली. आम्ही मुदखेडचे. माझे वडील शिवणयंत्रे दुरुस्त करतात. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे फुप्पींच्या, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी नांदेडला गेले होते. फुप्पी माझ्या पहिल्या शिक्षिका. मी शाळेत थेट तिसरीत बसले, त्याआधीची शाळा घरातच झाली. अक्षरे फुप्पींनी शिकवली, आकडे अब्बांनी. वाक्य मोठ्याने म्हणून, ऐकून, खरे वाटले तरच पाटीवर लिहायचे, असा फुप्पींचा दंडक होता. खोडलेले दिसले की त्या विचारत, “पुसायचं होतं तर लिहिलं कशाला?” त्या प्रश्नाची भीती अजून माझ्या हातात आहे.

तर दवाखान्याच्या व्हरांड्यात पांढरा शर्ट, कपाळावर भस्म आणि गळ्यात मंडळाचे ओळखपत्र असलेले एक गृहस्थ एका म्हाताऱ्या माणसाची चप्पल शोधत होते. चप्पल सापडली, म्हातारा पुढे गेला. मी धीर करून जवळ गेले आणि म्हणाले, “मला पण हे काम करायचंय.”

“कर की. घरी इचारलं का?”

“मी सज्ञान आहे, काका.”

“हायस म्हणूनच इचारून ऱ्हायलो. ल्हान असतीस तर खाऊ देऊन धाडून दिलं असतं.” मग त्यांनी माझा पत्ता विचारला आणि म्हणाले, “आज जा. म्या येतो घरी.”

मला राग आला. माझे शिक्षण, माझी तयारी यांतले काहीही न विचारता या माणसाने मला लहान मुलीसारखे घरी पाठवले असे वाटले. फुप्पींना मी काहीच सांगितले नाही.

पण आप्पा खरोखर आले. मुदखेडच्या स्टेशनवरून चालत, विचारत विचारत, ऐन दुपारी. अब्बा एका मशीनची चामडी वादी बदलत होते. फुप्पी डोळ्यावर हिरवी पट्टी लावून खाटेवर बसल्या होत्या. आप्पांनी काम काय आहे आणि ते दर बुधवारी असते, हे सांगितले. फुप्पींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “आमच्या पोरीला घरात दोन भाकरी नीट थापता येत न्हाईत. ती तिथं काय उजेड पाडनार?”

“भाकरी न्हाई लागत तिथं, अक्का. रांगेत उभं ऱ्हावं लागतं.”

“रांगेला मात्र वाघीन हाय. राशनला मी तिलाच धाडते. बाकीच्या बाया तिला भितात.”

आप्पा हसले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो नंतर मी कितीतरी घरांत त्यांच्याशेजारी बसून ऐकला. “ही दर बुधवारी घरात नसली तर कुणाचं काय अडंल?”

 आमच्या घरात असे कुणी कधी विचारले नव्हते. माझ्या असण्याने काय चालते, हे मलाही ठाऊक नव्हते. शेवटी फुप्पी म्हणाल्या, “माझं अडंल. डोळ्यात औषध कोन घालील?”

“मग ही न्हाई येत बुधवारी,” आप्पा म्हणाले आणि उठायला लागले.

“बसा, बसा,” अब्बांनी पान्हा खाली ठेवला. “औषध मी घालीन.”

“तू?” फुप्पी म्हणाल्या. “तू मशीनचं तेल घालशील!”

पण ठरले. त्यानंतर बुधवारी अब्बा साबणाने दोनदा हात धुऊन फुप्पींच्या डोळ्यात औषध घालू लागले आणि मी नांदेडला जाऊ लागले. म्हणजे मला पहिल्या भेटीत घेतले नव्हते. मला माझ्या घरासकट घेतले होते. वार्तापत्रातल्या माझ्या वाक्यातून नेमके हेच गळाले होते.

आप्पांच्या कामाची आणखी एक रीत सांगितली पाहिजे. वर्षाच्या मेळाव्यात मंडळाचे प्रशस्तिपत्र स्वयंसेवकाला मिळते. ते आप्पा देतातच. पण त्याच्या मागे घरात ज्याने काम उचलले, त्याला ते स्वतःच्या दुकानातले एक भांडे देतात, त्या माणसाचे नाव घालून. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात ते लग्नात, आणि तेही देणाऱ्याचे. पहिल्या मेळाव्यात माझ्या वडिलांचे नाव पुकारले गेले तेव्हा ते उठलेच नाहीत. दुसऱ्या कुणाचे असेल असे त्यांना वाटले. मग आप्पा माईकवरून म्हणाले, “मुदखेडचे मिस्त्री, डोळ्यात थेंब घालनारे, वर या.” अब्बा वर गेले. तो तांब्या आमच्या घरी आहे. फुप्पी त्याने पाणी पिऊ देत नाहीत, नुसता घासून ठेवतात.

आप्पा कडक आहेत. उशिरा येणाऱ्याला ते सर्वांसमोर बोलतात, मंडळाच्या ई-मेलला उत्तर देत नाहीत, आणि प्रत्येक अहवाल मला दोनदा वाचून दाखवावा लागतो, कारण एक कान त्यांना नीट साथ देत नाही आणि ते मान्य करत नाहीत. पण माझ्याशी ते ज्या रीतीने वागले ते मी विसरणार नाही. मला प्रत्येक गोष्टीची खात्री करून घ्यायची सवय आहे. सुरुवातीच्या दिवसांत रुग्णाला बरोबर खोलीत सोडले का, या शंकेने मी स्टेशनपर्यंत येऊनही अस्वस्थ व्हायचे आणि आप्पांना फोन करायचे. दुसरे कुणी ‘काळजी करू नकोस’ म्हणाले असते. आप्पा म्हणायचे, “मग परत जा, बघून ये. पुढची गाडी घे.” मी परत जायचे. रुग्ण बहुतेक वेळा योग्य जागीच असायचा. एकदा नव्हता. नावासारखे नाव असल्यामुळे एका बाईंना दुसऱ्याच वॉर्डात बसवले होते आणि त्या घाबरून रडत होत्या. त्यानंतर आप्पांनी सगळ्या सोबत्यांना सांगितले की निघताना एकदा मागे वळून बघून यायचे. माझ्या भित्रेपणाचा त्यांनी नियम केला आणि कुणाचा म्हणून ते सांगितले नाही. मला मात्र माहीत होते.

आता वादाचे सांगते. मागच्या वर्षी मुख्य कार्यालयातून एक तरुण अधिकारी लातूरला आले. सज्जन, अभ्यासू माणूस. दुकानातल्या गादीवर मांडी घालून बसले, कारण माडीवर पंखा बंद होता. मंडळाने नोंदणीसाठी ॲप काढले होते आणि देशभर एकच पद्धत आणायची होती.

“आप्पा, चहा उकळेपर्यंत ॲपवर नोंदणी होते,” ते म्हणाले.

“होऊ द्या की. पर मग च्या कुणासंगं प्यायचा?”

अधिकारी हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, “खरं सांगू? सज्ञान बाईला काम देण्याआधी तिच्या घरी जाऊन विचारायचं, हे मला पटत नाही. तिला परवानगी लागते असाच त्याचा अर्थ होतो.”

आप्पांनी माझ्याकडे बोट केले. “हिला इचारा. म्या म्हातारा, माझं सोडा.”

मला अधिकाऱ्यांसमोर बोलताना घाम फुटतो. तरी मी म्हणाले, “सर, मलाही पहिल्या दिवशी हाच राग आला होता.” आणि त्यांना उदगीरची हकीकत सांगितली. ती इथेही लिहिते, कारण त्यांचा आक्षेप खोटा नाही आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

मीनाक्षी या उदगीरच्या एका धान्य व्यापाऱ्याच्या सूनबाई. त्यांना सोबती व्हायचे होते. आप्पा आणि मी त्यांच्या घरी गेलो. त्यांचे सासरे, ज्यांना सगळे सावकार म्हणतात, दारातच म्हणाले, “आमच्या घरातल्या बाया भायेर राबत न्हाईत.”

“राबाय न्हाई, बसाय चालली,” आप्पा म्हणाले.

“आमची परवानगी न्हाई.”

“मागितली कुणी? परवानगी मागाय न्हाई आलो, सावकार. नगं म्हणायचा हक तुमचा न्हाई. अडचण सांगायचा हाय. ही नसली की तुमचं काय अडंल, ते सांगा.”

सावकारांनी खूप विचार केला. मुलगा दुकानात असतो, नातवंडे शाळेत. शेवटी ते म्हणाले, “दुपारचा च्या.”

“मग च्या शिका,” आप्पा म्हणाले. मीनाक्षीवहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. दुसऱ्या आठवड्यापासून त्या कामाला आल्या. मेळाव्यात सावकारांना चहाचे पातेले मिळाले, ठळक अक्षरांत नाव घातलेले. ते घ्यायला ते आले नाहीत. आप्पांनी घरपोच दिले.

पुढे एक दिवस वॉर्डात एक रुग्ण दगावला. त्याचा भाऊ दुःखाने बेभान झाला होता आणि समोर मीनाक्षीवहिनी होत्या. त्याने त्यांना थोबाडीत मारली. हे कळताच मंडळाने दुसऱ्याच दिवशी वकील पाठवला, त्यांच्या कानाच्या तपासणीचा खर्च विम्यातून झाला, मुख्य कार्यालयातून त्यांना रोज फोन यायचा. मंडळाचे हे ऋण मी कधीही नाकारणार नाही. पण वहिनी फोनवर ‘बरी आहे’ एवढेच म्हणायच्या. म्हणून आप्पा आणि मी घरी गेलो. वाटेत मला खात्री होती की सावकार आता दारातूनच हाकलतील.

सावकार ओसरीवर होते. म्हणाले, “या. च्या ठेवतो.” आत जाऊन त्यांनी खरोखर चहा केला. साखर फार होती. आप्पांना साखर चालत नाही, तरी ते प्यायले. मग सावकार हळूच म्हणाले, “चार दिस झाले, खोलीतून भायेर येईना. म्या म्हनलं, पोरी, जायाचं तर जा, न्हाई जायाचं तर नगं जाऊ. पर ज्यानं मारलं त्याच्या भ्यानं घरी नगं बसू. च्याचं माझं म्या बघून ऱ्हायलो.”

आप्पांनी वहिनींना परत या असे म्हटले नाही. नुसते म्हणाले, “कशी हायस बघाय आलो.” त्या काही वेळाने आमच्यात येऊन बसल्या. महिना उलटल्यावर कामावर परत आल्या आणि आता उदगीरच्या नव्या सोबत्यांना त्याच शिकवतात. घर आधीच ओळखीचे नसते, तर त्या दिवशी आम्ही कुठल्या दारात उभे राहिलो असतो? आणि सावकारांना स्वतःचा चहा आधीच करावा लागला नसता, तर ते तसे बोलले असते का?

अधिकाऱ्यांनी सगळे शांतपणे ऐकले. म्हणाले, “गोष्ट चांगली आहे, मॅडम. पण देशभरची संघटना गोष्टींवर चालत नाही.”

“मंग कशावर चालून ऱ्हायली?” आप्पांनी विचारले. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले, बसची वेळ झाली होती. त्यांच्यासाठी आप्पांनी डबा बांधून दिला आणि बसपर्यंत सोडायला मला पाठवले.

मग परिपत्रक आले. येत्या सोमवारपासून घरभेटी बंद. जे केंद्र त्या चालू ठेवील त्याची मान्यता काढून घेतली जाईल. मान्यता गेली की ओळखपत्रे गेली, विमा गेला, वकील गेला. समन्वयकाची जागाही गेली, आणि समन्वयक मी आहे.

हा ग्रंथ मंडळाच्या मदतीने निघतो आहे. ग्रंथाच्या संपादकांनी मला आपुलकीने सुचवले की गौरवाच्या प्रसंगी वादाचा भाग वगळावा, आप्पांच्या प्रेमळ स्वभावावर लिहावे. मी उत्तर कळवले आहे की लेख पूर्ण छापावा, नाहीतर परत करावा. आप्पा प्रेमळ आहेत. पण तेवढेच लिहिले तर माझ्या हातून वार्तापत्रातली चूक दुसऱ्यांदा होईल, आणि या वेळी ती जाणूनबुजून होईल. तुम्ही हे वाचत असाल तर संपादकांनी मोठे मन दाखवले आहे. त्यांचे आभार.

मंडळाला माझे म्हणणे साधे आहे. ॲपवर आम्ही सगळ्यांची नोंदणी करू. शिबिरे घेऊ, अहवाल वेळेवर पाठवू, आप्पांच्या ई-मेलची उत्तरेही मीच देईन. मंडळ सोडून आम्ही कुठेही जाणार नाही, कारण ते आमचेही आहे. पण घरे विचारणे थांबवणार नाही. स्वयंसेवक एकटा घरातून निघत नाही. त्याच्या मागे कुणीतरी भाकरी करतो, कुणीतरी डोळ्यात औषध घालतो. त्या माणसाला न भेटता आम्ही त्याचा वेळ घेणार नाही. त्यासाठी मान्यता काढायची असेल तर काढणाऱ्यांनी लातूरला यावे, दुकानातल्या गादीवर बसावे आणि आधी विचारावे की ती काढली तर कुणाचे काय अडेल. आमच्याकडे त्याचे उत्तर तयार आहे.

हे मी सहज लिहिलेले नाही. उद्या दुसऱ्या कुणा मीनाक्षीला मार बसला आणि पाठीशी वकील नसला, तर तो दोष माझ्यावर येईल, हे मला कळते. म्हणून आप्पांना विचारायला गेले. त्यांनी माझे सगळे ऐकले आणि म्हणाले, “हे जे करून ऱ्हायलीस, ते घरी इचारलं का?”

मी मुदखेडला गेले. अब्बा आणि फुप्पींसमोर बसून विचारले, “माझी जागा गेली तर कुणाचं काय अडेल?”

फुप्पींना आता दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. “अडंल,” त्या म्हणाल्या. “का न्हाई अडनार? पर तू लिहून बसलीस न्हवं? आता पुसू नको.”

अब्बा म्हणाले, “बुधवारचं मी बघतो.” औषध बंद होऊन कितीतरी दिवस झाले, पण त्यांना तेच सुचले.

एक गोष्ट राहिली. इतक्या घरांना आप्पांनी विचारले, पण आप्पांच्या घरी कुणी विचारले नव्हते. मी गंगाबाई काकूंना, म्हणजे आप्पांच्या पत्नीला, विचारले, दर बुधवारी आप्पा नसतात तेव्हा तुमचे काय अडते? काकू म्हणाल्या, “काय अडतंय! बुधवारी गल्ला जास्त भरतो. हे असले की गिऱ्हाइकाला भाव करू देत न्हाईत.” आणि मग म्हणाल्या, “जेवायला एकटं बसावं लागतं, एवढंच.” पंचाहत्तरीच्या रविवारच्या समारंभात आप्पांना शाल मिळेल. काकूंसाठी आम्ही सोबत्यांनी एक पितळी घागर घेतली आहे, आप्पांच्या दुकानातून नव्हे, त्यांना कळू नये म्हणून समोरच्या दुकानातून. तिच्यावर काकूंचेच नाव आहे, एकटे.

आप्पांना निरोगी दीर्घायुष्य लाभो. त्यांचे गुडघे एसटीच्या पायऱ्यांना पुरोत, त्यांचा तो एक कान निदान तक्रारींपुरता तरी चालू राहो, आणि बुधवार सोडून रोज दुपारी ते काकूंसोबत जेवायला घरी असोत. त्यांच्याकडून अजून आम्हाला पुष्कळ रागावून घ्यायचे आहे.

निलंग्याच्या एका शिक्षिकेचे नाव ॲपवर आले आहे. नावापुढे ‘मान्य’ असे हिरव्या अक्षरांत दिसते. त्यांच्या घरी कोण कोण आहे, हे ॲपला माहीत नाही. मी त्यांना फोन करून येते म्हणून सांगितले आहे. आजवर प्रत्येक घरात मी आप्पांच्या शेजारी बसले. या वेळी एकटी जाईन. समारंभ रविवारी आहे. दुसऱ्या दिवशी, म्हणजे नवा नियम लागू होतो त्याच सोमवारी, मी सकाळच्या पहिल्या निलंगा गाडीने निघणार आहे.